वेष्टनावरून ओळखलेले औषध

निजामाच्या अमलात आदिलाबाद जिल्ह्याच्या कचेरीत उर्दू चाले, बाजारात तेलुगू आणि मराठी या दोहोंचा संचार असे, आणि डोंगरातले गोंड व कोलाम आपली दुखणी आपापल्या बोलीत सांगत. पुढे 1956 च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा आणि किनवट हे तालुके जिल्ह्यातून निघून गेले, तरी पैनगंगेच्या दक्षिणतीरी मराठी टिकून राहिली. अशा मुलखात औषधाच्या पुडक्यावर कोणत्या लिपीत काय छापले आहे, यापेक्षा त्यावरचे चित्र आणि रंग यांनाच गिऱ्हाइकाच्या लेखी अधिक प्रामाण्य असावे, यात नवल नाही.

हैदराबादेत 1920 साली हकीम मोइझुद्दीन फारुकी यांनी काढलेल्या 'जिंदा तिलिस्मात'ने हे मर्म अचूक हेरले. निलगिरीचे तेल आणि कापूर यांच्या योगाने बनलेल्या या अर्काच्या वेष्टनावर त्यांनी एका आफ्रिकी पुरुषाची छबी घातली. निजामाच्या फौजेतले सिद्दी ज्याने पाहिले होते, त्याला ती निराळी समजावून सांगावी लागली नसेल. परंतु जे बोट दाखवून मागता येते, त्याची नक्कल करणेही तितकेच सोपे.

अशा नकलेवरून उभ्या राहणाऱ्या तंट्यांना लोक सरसकट 'पेटंटचा खटला' म्हणतात, पण पेटंट शोधाला मिळते. खोक्याच्या घाटाला डिझाइनची नोंदणी लागते, आणि नाव, चिन्ह, एकंदर रूप यांवरची फिर्याद व्यापारचिन्हांच्या कायद्याखाली जाते. हा तिसरा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानात 1940 साली आला. 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या औषधांच्या नावांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 1962 साली खेडूत व निरक्षर यांच्यासह सामान्य खरेदीदाराची अर्धवट स्मृती हीच कसोटी मानली. तरीही अमृतधारेच्या, मूळच्या लाहोरच्या, कंपनीने दीर्घकाळ मौन पत्करल्यामुळे लक्ष्मणधारेला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली.

आदिलाबादच्या अरण्याशी अधिक निकटचा खटला मात्र गुजरातेतला. फाल्सिपॅरम जातीचा, मेंदूपर्यंत पोहोचणारा हिवताप या जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यांना फार परिचित; त्याच रोगावरच्या 'फाल्सिगो' आणि 'फाल्सिटॅब' या औषधांच्या नामसादृश्यावरून, एकाच उद्योगसमूहाच्या वाटणीतून निघालेल्या आणि म्हणून 'कॅडिला' हे नाव दोघांनीही मिरवणाऱ्या दोन कंपन्या वडोदऱ्याच्या जिल्हा न्यायालयात समोरासमोर आल्या. 'फाल्सि' हे पूर्वपद रोगाच्याच नावातून आले असून रूप, घटक व किंमत भिन्न आहेत, हे कारण खालच्या न्यायालयांना पटले आणि तात्पुरती मनाई नाकारली गेली. सर्वोच्च न्यायालयाने 2001 च्या मार्चमध्ये निराळी दिशा धरली: औषधातला घोटाळा मिठाईतल्या घोटाळ्यासारखा निरुपद्रवी नसतो, एकाच रोगावरची दोन औषधे घटकांनी वेगळी असतील तर तो अधिकच घातक ठरतो, शिवाय ज्या देशात भाषांची विविधता आणि शहर-खेडे हे अंतर एवढे आहे, तेथे कसोटी अधिक कठोर हवी.

न्यायमूर्तींसमोर आदिलाबादचे नाव आलेले नसेल. पण पाच-सहा भाषा एकाच आठवडी बाजारात ऐकू येणाऱ्या या जिल्ह्याचेच वर्णन ते करीत होते, असे मला वाटते. फिर्यादीला मात्र त्या दिवशी मनाईहुकूम मिळाला नाही: पुरावा अजून व्हायचा असल्याने मूळ दावा वडोदऱ्यालाच, या नव्या निकषांवर चालविण्यासाठी, परत धाडला गेला.