रिओ टिंटो

रिओ टिंटो ही जगातील अग्रगण्य बहुराष्ट्रीय खाण कंपन्यांपैकी एक असून तिची कार्यालये प्रामुख्याने लंडन व मेलबर्न येथून चालतात. कंपनीचे नाव दक्षिण स्पेनमधील तांबड्या, आम्लयुक्त पाण्याच्या नदीवरून आले आहे. या नदीकाठच्या प्राचीन तांब्याच्या खाणी स्पॅनिश सरकारकडून विकत घेऊन १८७३ मध्ये कंपनी स्थापन झाली. उघड्यावर खनिज भाजल्याने पसरणाऱ्या विषारी धुराविरुद्ध ४ फेब्रुवारी १८८८ रोजी कामगार व शेतकरी एकत्र आले असता सैन्याने त्यांच्यावर गोळीबार केला. मृतांचा अधिकृत आकडा १३ असला, तरी तो त्या भागात कोणी कधी खरा मानला नाही.

स्पेनमधील बहुतेक हिस्सा कंपनीने १९५४ मध्ये विकला. आज ती तांबे व ॲल्युमिनियमचेही उत्पादन करते. मात्र तिच्या नफ्याचा मुख्य आधार पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिलबारा प्रदेशाचे लोहखनिज हा आहे. तेथील चालकविरहित मालगाड्यांवर सुमारे १,५०० किलोमीटर दूर असलेल्या पर्थमधून नियंत्रण ठेवले जाते. गोव्याचे कमी प्रतीचे लोहखनिज ज्या चीनकडे जात असे, तोच या खनिजाचाही सर्वांत मोठा ग्राहक आहे. मध्य प्रदेशातील छतरपूर जिल्ह्यातला हिऱ्यांचा प्रकल्प मात्र कंपनीने २०१७ मध्ये राज्य सरकारच्या स्वाधीन केला.

पिलबारातील जूकन दरीत पुटू कुंटी कुरामा व पिनिकुरा या आदिवासी समाजांची पवित्र शैलाश्रयस्थाने होती. ती नष्ट करण्यास १९७२ च्या वारसा कायद्यानुसार कंपनीला २०१३ मध्ये परवानगी मिळाली. पुढच्याच वर्षीच्या उत्खननात तेथे सुमारे ४६,००० वर्षांपूर्वीच्या मानवी वावराचे पुरावे सापडले. त्यांत सुमारे ४,००० वर्षांपूर्वीची केसांची वेणीही होती आणि तिचे जनुकीय नाते आजच्या वंशजांशी जुळले. परंतु नवी माहिती हाती आली म्हणून दिलेल्या परवानगीचा फेरविचार करण्याची तरतूदच कायद्यात नव्हती. खाणीच्या विस्ताराचे चार पर्याय कंपनीसमोर होते. त्यांपैकी तीन ही स्थाने वाचवणारे होते. निवडला गेला तो चौथा. त्यातून सुमारे ८० लाख टन अधिक खनिज मिळणार होते. सुरुंग भरल्याचे समाजाला कळले तेव्हा ते सुरक्षितपणे काढता येणार नाहीत, असे कंपनीने सांगितले. २४ मे २०२० रोजी स्फोट झाला.

प्रारंभी वरिष्ठ अधिकाऱ्यांचे केवळ बोनस कापण्यात आले. गुंतवणूकदारांचा रोष वाढल्यावर सप्टेंबरमध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी ज्याँ-सेबास्तियाँ जाक यांच्यासह तिघांचे पायउतार होणे जाहीर झाले. संसदीय चौकशी झाली. पश्चिम ऑस्ट्रेलियाने नवा वारसा कायदा जुलै २०२३ मध्ये अमलात आणला. पण जमीनधारकांच्या विरोधामुळे महिनाभरातच तो मागे घेण्याचे ठरले आणि १९७२ चाच कायदा सुधारून पुन्हा लागू झाला. नवी माहिती मिळाल्यास ती सरकारला कळवणे आता परवानगीधारकावर बंधनकारक आहे.