अर्ज कुणाचा, नाव कुणाचं?

मंडळी, आजची पोस्ट जरा तांत्रिक आहे, पण विषय आपल्याच अर्जांचा आहे.

गेल्या पावसाळ्यात वेल्ह्याच्या एका काकांचा फॉर्म मी मोबाईलवर भरून देत होतो. साइट कुठली, ते राहू द्या. शेवटचं बटण दाबलं आणि पडद्यावर भलत्याच बाईंचं नाव, तेही पत्त्यासकट! काका म्हणाले, "भाऊ, माझा अर्ज गेला का या बाईंचा?"

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या आपल्या भोरच्या एका पोराला विचारलं. तो म्हणाला, इथं नेमकं काय झालं ते कोड बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, पण असं होण्याचं एक जुनं कारण आहे.

साइट एका तयार सांगाड्यावर उभी असते, त्याला फ्रेमवर्क म्हणतात. आपण बटण दाबलं की फ्रेमवर्क एक 'रिक्वेस्ट' तयार करतं. कोण आलंय, काय मागतंय, सगळं तिच्यात. मुख्य कोडला ती आयती मिळते. पण प्रोग्रामरने स्वतः लिहिलेल्या वेगळ्या फाइलला, म्हणजे मॉड्यूलला, ती पोचवावी लागते. दरवेळी हातात द्यायचा कंटाळा, म्हणून काही जण ती सगळ्यांना दिसेल अशा सामायिक जागेत ठेवतात. घरी एकट्याने तपासताना झकास चालतं. सर्व्हरवर मात्र एकाच वेळी शंभर जण. काकांचं काम अर्धवट असतानाच त्या जागेवर बाईंचा अर्ज येऊन बसतो.

हे ऐकताना मला आपलं जुनं दफ्तर आठवलं. १६७४ च्या राज्याभिषेकावेळच्या कानुजाबत्यात सचिवाचं काम सांगितलंय: राजपत्रं तपासायची, कमीजास्त अक्षर दुरुस्त करायचं आणि त्याच पत्रावर संमतीचं चिन्ह करायचं. पुढे राजाराम महाराजांच्या काळात हे पद शंकराजी नारायणांकडे आलं. त्यांच्याच घराण्याचं भोर संस्थान, १९४८ ला विलीन झालेलं. म्हणजे ज्याचा कागद त्याच्यावरच शेरा, ही शिस्त आपल्या गावाला नवी नाही.

वेबवाल्यांनाही ती लावून घ्यावी लागली. २००७ चं वेबटूपाय, २०१० चं फ्लास्क, ही पायथन भाषेतली फ्रेमवर्कं. त्यांनी युक्ती केली: नाव सगळ्यांसाठी एकच, पण काम करणाऱ्या प्रत्येक धाग्याला, म्हणजे थ्रेडला, स्वतंत्र कप्पा. वेबटूपायमध्ये त्या कप्प्याचं नाव 'करंट'. पुढे एकच धागा अनेक अर्ज आलटून पालटून हाताळू लागला, तेव्हा हेही पुरेना. मग २०१८ च्या पायथन ३.७ मध्ये प्रत्येक कामाचा संदर्भ वेगळा ठेवायची सोय आली.

तरी गोम राहतेच. मॉड्यूलच्या सुरुवातीलाच रिक्वेस्ट एकदा काढून ठेवली, की ज्याच्यासाठी फाइल पहिल्यांदा उघडली त्याचीच तिथं चिकटून बसते. ती दरवेळी काम करतानाच मागायची असते. पोरगा म्हणाला, ही चूक चांगले चांगले करतात.

सध्या आपल्याकडे पतसंस्था, शाळा, ग्रामपंचायती साइट बनवून घेतायत. पैसे देण्याआधी दहा जणांना एकाच वेळी फॉर्म भरायला बसवा, एवढं तरी कराच.

काकांचा अर्ज आम्ही दुसऱ्या दिवशी परत भरला. या वेळी पावतीवरचं नाव त्यांनी चष्मा लावून स्वतः वाचलं, मग माझ्याकडे मोबाईल दिला. त्या बाई कोण, आणि त्यांच्या पडद्यावर काकांचा पत्ता गेला का, ते अजून कळलेलं नाही.