आकाशातील शाळा

तळहाताएवढ्या काचेवर बोट फिरवून अक्षर गिरवणारे मूल आज कोणत्याही घरी दृष्टीस पडते. वडीलधाऱ्यांना त्याचे कौतुक वाटते आणि थोडी धास्तीही वाटते. वास्तविक आपल्या पणजोबांनीही बोटानेच अक्षर गिरवले होते, ते धूळपाटीवर. धुळीच्या जागी काच आली. बोट तेच राहिले. पण या दोहोंच्या मध्ये एक फार मोठा खटाटोप होऊन गेला आहे. यंत्राच्या साहाय्याने खेड्यातील लहान मुलाला शिकवावे, गुरुजींच्या आवाक्यापलीकडचे जग त्याच्या वर्गात आणावे, असा तो खटाटोप. आज त्याची हकीकत सांगावयाची आहे. ती सांगण्याचे कारण असे की, त्यातील जो भाग यशस्वी झाला तो आपण विसरलो आहोत, आणि जो फसला तो मात्र पुनःपुन्हा करीत आलो आहोत.

आरंभ नभोवाणीपासून झाला. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कलकत्ता, दिल्ली, मुंबई, मद्रास या केंद्रांवरून शाळांसाठी कार्यक्रम होऊ लागले. कार्यक्रम चांगले असत. परंतु ते ऐकण्यासाठी शाळेत यंत्र हवे, ते चालू स्थितीत हवे, आणि वेळापत्रकात त्यासाठी तास मोकळा हवा. या तिन्ही गोष्टी एकत्र जुळून येणे ही शहरातही नवलाईच होती. पुढे १९५९ मध्ये दिल्लीत दूरचित्रवाणी आली आणि १९६१ मध्ये तिचा उपयोग तेथील शाळांसाठी होऊ लागला, तोही माध्यमिक शाळांसाठी. खेड्यातली एकशिक्षकी प्राथमिक शाळा, जिला या साधनाची खरी निकड होती, ती या साऱ्यातून बाहेरच राहिली.

ही उलटी रीत सुलटी करावी असे ज्यांच्या मनाने घेतले ते डॉ. विक्रम साराभाई. दूरचित्रवाणी आधी महानगरात, मग जिल्ह्याच्या गावी आणि उरलीसुरली खेड्यात, हा क्रम त्यांना मान्य नव्हता. उपग्रहाला गाव लहान की मोठे हे कळत नाही. त्याचा किरण राजधानीवर पडतो तसाच पाड्यावरही पडतो. तेव्हा खेड्यापासूनच सुरुवात का करू नये? सप्टेंबर १९६९ मध्ये भारताचे अणुऊर्जा खाते आणि अमेरिकेची ‘नासा’ ही संस्था यांच्यात करार झाला. अमेरिकेने आपला उपग्रह एका वर्षासाठी वापरावयास द्यावा; जमिनीवरील सारी यंत्रणा आणि सारे कार्यक्रम भारताने स्वतः उभे करावेत. डिसेंबर १९७१ मध्ये साराभाई निवर्तले. प्रयोग त्यांना पाहावयास मिळाला नाही. तो सिद्धीस नेणाऱ्यांत अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे संचालक प्रा. यश पाल होते, आणि प्रयोगाचे व्यवस्थापन पाहणारे एकनाथ वसंत चिटणीस होते. चिटणीस मूळचे कोल्हापूरचे, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल.

तो उपग्रह ‘एटीएस-६’. छत्रीसारखी उघडणारी नऊ मीटर व्यासाची त्याची जाळी होती. तिच्यामुळे त्याचा संदेश इतका जोरकस येई, की खाली तो पकडण्यासाठी प्रचंड यंत्रणेची गरज उरली नाही. पूर्व आफ्रिकेच्या वर, भूमीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर त्याला आणून ठेवण्यात आले. खेड्यात कोंबड्यांच्या खुराड्याला वापरतात तसल्या तारेच्या जाळीची, सुमारे तीन मीटर व्यासाची एक ताटली उभारली की काम भागे. ही ताटली अहमदाबादच्या अभियंत्यांनी कल्पिलेली. आणि दूरचित्रवाणी संच तयार केले ते हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने. हैदराबादकर श्रोत्यांना याचा अभिमान वाटावा. तेलुगू आणि कानडी कार्यक्रमांचे निर्मितिकेंद्रही त्यांच्याच नगरीत होते.

१ ऑगस्ट १९७५ रोजी प्रक्षेपण सुरू झाले. आंध्र, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेडी निवडलेली होती. प्रगत गावे मुद्दाम वगळून मागासलेले जिल्हे घेतले होते. कर्नाटकात गुलबर्गा, रायचूर, विजापूर; आंध्रात मेदक, महबूबनगर; मध्य प्रदेशात रायपूर, दुर्ग, बिलासपूर. (हे शेवटचे तिन्ही जिल्हे २००० सालापासून छत्तीसगडात आहेत.) सायंकाळचा कार्यक्रम गावासाठी आणि सकाळचा शाळेसाठी. सकाळी एकूण दीड तास. त्याचे चार समान वाटे. हिंदी, कानडी, ओरिया आणि तेलुगू या प्रत्येक भाषेच्या वाट्याला साडेबावीस मिनिटे येत.

साडेबावीस मिनिटे! पाच ते बारा वर्षांची सारी मुले एकाच संचासमोर दाटीवाटीने बसलेली. पहिलीचा मुलगा पुढे, पाचवीची मुलगी मागे, आणि चित्र कृष्णधवल. ते दिवस आणीबाणीचे होते, आणि सायंकाळच्या कार्यक्रमांतून सरकारी उपदेशाचा मारा होई, हेही येथे लपवून ठेवण्याचे कारण नाही. मुलांचे कार्यक्रम मात्र निराळ्या वृत्तीने केलेले होते. त्यांतील विज्ञानाचे कार्यक्रम मुंबईच्या स्टुडिओत तयार होत. पाठ्यपुस्तकातला धडा पडद्यावर वाचून दाखवावयाचा नाही. मुलाच्या अंगणात, शेतात, विहिरीवर जे आहे त्याकडेच पुन्हा पाहावयास लावावयाचे, असा त्यांचा रोख होता.

पण या प्रयोगातील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट मुलांच्या कार्यक्रमांत नाही. ती सुटीत घडली. शाळा बंद असताना सकाळची वेळ रिकामी राहणार, तेव्हा तिचा उपयोग शिक्षकांसाठी करावा असे ठरले. बारा-बारा दिवसांची दोन सत्रे झाली. प्राथमिक शाळांतील गुरुजी संचापाशी जमत. आधी पडद्यावर पाठ, मग नभोवाणीवर त्याची चर्चा, हाती छापील पुस्तिका, आणि शेवटी स्वतःच्या हातांनी करून पाहावयाचे साधे प्रयोग. दोन्ही सत्रे मिळून पन्नास हजारांच्या घरात शिक्षकांनी विज्ञान शिकविण्याचे हे शिक्षण घेतले. ज्या काळी शिक्षकाला तालुक्याच्या गावी प्रशिक्षणाला जाणे म्हणजे एक प्रवासच असे, त्या काळी प्रशिक्षणच त्याच्या दाराशी आले.

प्रयोगाचा लाभ काय झाला, हे तपासण्याची व्यवस्थाही पहिल्यापासून होती. ही गोष्ट आपल्याकडे विरळा. संशोधकांनी मुलांच्या चाचण्या घेतल्या. काही गावांत तर मानववंशशास्त्रज्ञ मुक्काम करून राहिले. निष्कर्ष प्रामाणिकपणे मांडले गेले. मुलांच्या भाषेत वाढ दिसली, नवे काही जाणून घेण्याची ओढ वाढलेली दिसली. परंतु शाळेत नाव घालणाऱ्यांची संख्या वाढली नाही की शाळा सोडणाऱ्यांची घटली नाही. जे मूल गुरे राखावयास जाते ते पडद्यासाठी गुरे सोडून येत नाही. यंत्राने गरिबी हटत नाही, हे त्या वेळच्या अहवालांनी आकडेवारीनिशी लिहून ठेवले आहे. शंभरांपैकी ऐंशीहून अधिक संच कोणत्याही दिवशी चालू स्थितीत असत, हेही त्यांतच नमूद आहे. आजच्या शाळांतील धूळ खात पडलेले संगणक ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या आकड्याची किंमत कळेल. त्यामागे दुरुस्तीची केंद्रे होती, सुटे भाग होते, आणि गाडी घेऊन खेडोपाडी जाणारी माणसे होती.

३१ जुलै १९७६ रोजी करार संपला आणि उपग्रह परत गेला. पुढे जमिनीवरील प्रक्षेपणकेंद्रांतून काही गावांची सोय करण्यात आली. बाकीच्या गावांत पडदा काळा झाला. एक वर्षभर ज्या मुलांनी रोज सकाळी जग पाहिले, त्यांच्या दृष्टीने त्या दिवसानंतर काय उरले असेल? ताटली उरली नाही, संच उरला नाही. बारा दिवस प्रयोग करून पाहिलेले गुरुजी तेवढे उरले.

त्या चार भाषांत मराठी नव्हती, कारण सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असलेले विजापूर, निजामाच्या मुलखात मराठवाड्याच्या शेजारी नांदलेले गुलबर्गे, येथील मराठी घरांतील मुलांनी ही शाळा कानडीतूनच ऐकली. मराठीची पाळी भारताचा स्वतःचा उपग्रह आल्यावर आली. २७ जानेवारी १९८४ रोजी पुण्यात ‘बालचित्रवाणी’ स्थापन झाली. प्राथमिक शाळेतील मुलांसाठी मराठीतून कार्यक्रम तयार करणारी ही स्वतंत्र संस्था. दूरदर्शनवरून तिचे कार्यक्रम सकाळी दिसत, आणि आज चाळिशी-पंचेचाळिशीत असलेल्या कितीतरी मराठी माणसांना ते नाव घेताच आपले बालपण आठवते. तीस वर्षांहून अधिक काळ तिने काम केले. मग केंद्राचे अनुदान आटले, राज्याने भार उचलला नाही, कर्मचाऱ्यांचे पगार थकले, आणि २०१७ मध्ये ती बंद करण्यात आली. कारण देण्यात आले ते नव्या तंत्राचे. आता घरोघरी इंटरनेट, मग स्टुडिओ कशाला? या युक्तिवादाची परीक्षा तीनच वर्षांत झाली. तिच्याकडे मी येतोच.

मध्यंतरी अगदी निराळा विचार पुढे आला होता. १९९९ मध्ये डॉ. सुगत मित्र यांनी दिल्लीत काळकाजी येथे एका भिंतीत भगदाड पाडून तेथे संगणक बसविला आणि झोपडपट्टीतील मुलांना तो मोकळा सोडला. शिकवणारा कोणी नाही, नियम नाही. मुले आपापसांत शिकली. असाच प्रयोग पुढे शिवपुरीस झाला. ग्वाल्हेरकर श्रोत्यांच्या शेजारचीच ही गोष्ट. आणि नंतर आपल्या सिंधुदुर्गातही झाला. जगभर त्याचा गाजावाजा झाला. मुले शिकली यात शंका नाही. पण टीकाकारांनी जाऊन पाहिले तेव्हा यंत्रापुढे बहुधा थोराड मुलगे असत, खेळ आणि चित्रे यांतच वेळ जाई, आणि मुली मागे उभ्या असत. गुरुजींना वजा केले की त्यांची जागा रिकामी राहत नाही. जो दांडगा असेल तो ती घेतो.

महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांच्या शाळांनी २०१५ च्या सुमारास जे केले ते याहून शहाणपणाचे होते. कित्येक गावांनी लोकवर्गणी काढून वर्गात पडदा, प्रक्षेपक, टॅब आणले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानावर चौकोनी संकेतचिन्ह छापण्याची कल्पना राबविली. मोबाइल त्या चिन्हावर धरला की कविता ऐकू यावी, धड्याचे चित्रण दिसावे. पुढे शासनाच्या पुस्तकांतही ही चिन्हे आली. डिसेंबर २०२० मध्ये डिसले यांना दहा लक्ष डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. येथे यंत्र पुस्तकाला जोडलेले होते आणि पुस्तक शिक्षकाच्या हाती होते.

मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे शाळा बंद झाल्या आणि हाच मोबाइल एकाएकी शाळा बनला. गोव्यात सत्तरी आणि सांगे तालुक्यांतील मुले लहर मिळावी म्हणून डोंगर चढून बसू लागली. पालघर-नाशिककडील आदिवासी पट्ट्यात पाड्यावर ध्वनिक्षेपक लावून मुद्रित धडे ऐकविण्यात आले. म्हणजे शाळांची नभोवाणी ऐंशी वर्षांनी परत आली. सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी कामगारांच्या घरांच्या भिंतींवर धडे रंगविले. आणि जुलै २०२० मध्ये ‘सह्याद्री’ वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली, म्हणजे तीन वर्षांपूर्वी जी गोष्ट अनावश्यक ठरली होती तीच घाईघाईने पुन्हा करावी लागली.

‘असर’ या वार्षिक पाहणीचे आकडे या काळाबद्दल पुष्कळ सांगतात. ग्रामीण भारतातील शाळकरी मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये शेकडा ३६.५ होते, २०२१ मध्ये ते ६७.६ झाले. एवढ्या वेगाने कोणतेही शैक्षणिक साधन या देशात पसरले नसेल. पण घरी फोन असलेल्या मुलांपैकी शेकडा २६ मुलांच्या हाती तो अभ्यासासाठी पडतच नव्हता. फोन बापाच्या खिशात, आणि बाप कामावर. तिसरीतील जी मुले दुसरीचा मजकूर वाचू शकत, त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये शेकडा २७.३ होते, २०२२ मध्ये ते २०.५ वर घसरले. यंत्रे दुपटीच्या जवळ गेली आणि वाचणारी मुले घटली. घसरण यंत्रांमुळे झाली असे मी म्हणत नाही. ती शाळा बंद राहिल्यामुळे झाली. पण यंत्रांनी ती थांबवली नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणां मराठी मंडळींच्या दृष्टीने या इतिहासाला आणखी एक पदर आहे. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथे मराठी माध्यमाच्या शाळांना उतरती कळा लागून बराच काळ लोटला. घरात मराठी बोलणारा नातू शाळेत मराठी अक्षर पाहत नाही. १९७५ साली उपग्रहाच्या दीड तासात त्याच्या भाषेला जागा नव्हती; आज ‘बालभारती’ची पुस्तके मराठीसह आठ माध्यमांतून मोबाइलवर विनामूल्य उतरवून घेता येतात. पहिलीचे पुस्तक इंदुरात बसून पाच मिनिटांत मिळते. इतकी सोपी गोष्ट झाली आहे, आणि तरी ती किती घरांत होते? पुस्तक उघडून देणारी, ‘हे काय आहे, वाच बघू’ म्हणून शेजारी बसणारी आजी बहुधा शेजारच्याच खोलीत असते. तिचा मोबाइलही तिथेच, उशाशी असतो.