बंदुकीचें कपाट

गेल्या दसऱ्याच्या सुमारास भंडाऱ्यास जाण्याचा योग आला, तेव्हां वाटेंत शहापूर येथें एका वृद्ध स्नेह्यांकडे आम्हीं दोन दिवस मुक्काम केला. नागपूर-भंडारा रस्त्यानें जाणाऱ्यास शहापूर म्हणजे जवाहरनगरच्या आयुध निर्माणीजवळचें गांव, एवढीच बहुधा ओळख असते. आमच्या स्नेह्यांचें घर त्या कारखान्याहून पुष्कळ जुनें. त्यांचे पूर्वज मालगुजार होते. त्यांस नुकतेंच एक्क्याऐशीवें वर्ष लागलें, व सहस्रचंद्रदर्शनाच्या निमित्तानें नातवांनीं त्यांस जी भेट दिली, ती पाहून आम्हांस प्रथम हंसूं आलें आणि मागाहून विचार पडला. शालजोडी नव्हे, चांदीचें ताट नव्हे, तर बंदुका ठेवण्याचें एक सागवानी कपाट! तेंही बाजारांतून आणलेलें नव्हे. दोघे नातू पुण्याहून सुटी काढून आले, गांवांतील एका म्हाताऱ्या सुताराच्या हाताखालीं बसले, आणि मागच्या पडवींत तीन आठवडे खपून त्यांनीं तें उभें केलें.

आपल्या घरांतून शस्त्रास जागा तरी कोणती असे? राजवाड्याची गोष्ट वेगळी. शिवकालीन अठरा कारखान्यांत शस्त्रें व चिलखतें ठेवणाऱ्या जिरातखान्याची गणना होते, आणि दारूखाना त्याहून निराळा असे. परंतु साध्या शिलेदाराच्या किंवा पाटलाच्या घरीं तरवार खुंटीवर आणि तोड्याची बंदूक भिंतीशीं, हाच सामान्य प्रकार. जें शस्त्र केव्हां हातीं घ्यावें लागेल याचा नेम नाहीं, तें कुलपांत कोण घालील? म्हणून जुन्या वाड्यांतून कोनाडे सांपडतात, फडताळें सांपडतात, तळघरें सांपडतात. पण खास बंदुकीसाठीं घडविलेलें कपाट सहसा सांपडत नाहीं. आमच्या समजुतीप्रमाणें कपाट हें सुतारापेक्षां कायद्याचेंच अपत्य आहे.

तो कायदा या मुलखांत कसा आला हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. १८५३ च्या डिसेंबरांत तिसरे रघूजी भोसले वारले आणि पुढल्याच वर्षीं नागपूरचें राज्य खालसा झालें. १८५७ च्या जूनमध्यें नागपूरजवळ टाकळीच्या घोडदळांतील उठावाचा बेत फसला व त्या पथकाचीं शस्त्रें काढून घेण्यांत आलीं. सैनिकांपासून सुरू झालेलें हें निःशस्त्रीकरण पुढें घरोघर पोंचलें. लॉर्ड लिटनच्या अमदानींत १८७८ सालीं शस्त्रांचा कायदा झाला, आणि परवान्यावांचून बंदूक बाळगणें हा गुन्हा ठरला. गोऱ्या माणसास मात्र त्यांतून सूट होती! राष्ट्रसभेच्या आरंभींच्या अधिवेशनांतून या कायद्याविरुद्ध ठराव झाले, ते कांहीं केवळ शिकारीच्या हौसेपायीं नव्हेत. आपल्याच गांवांत आपण विश्वासास पात्र नाहीं, हें लेखी सांगितलें जाणें लोकांस झोंबलें होतें.

आतां या गोष्टीची दुसरी बाजू पाहा. ज्या थोड्यांना परवाना मिळाला, त्यांस तो अपमान न वाटतां मान वाटूं लागला! इंग्रजी बंदोबस्तानें मध्यप्रांतांतील मालगुजारांस गांवच्या मालकीचे हक्क दिले होते. त्यांत परवान्याची दुनळी आली म्हणजे प्रतिष्ठा पुरी झाली. साहेबाच्या बंगल्यांत कांचेच्या दारांचें बंदुकीचें कपाट असे, तें पाहून मालगुजाराच्या दिवाणखान्यांतही तसेंच येऊं लागलें. खुंटीवरची बंदूक कामाची होती. कांचेआडची बंदूक दाखविण्याची झाली. तिचें काम उरलेंच नव्हतें असें मात्र नाहीं. भाताच्या शेतांत रानडुकरांचे कळप शिरत, आणि पीकरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकांस परवाने मिळत.

१९५१ सालीं मालगुजारी संपली. १९५९ सालीं स्वतंत्र भारतानें आपला शस्त्र-कायदा केला. वर्णभेद गेला, परवाना राहिला. नागझिऱ्याचें अभयारण्य १९७० सालीं झालें, १९७२ सालीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला, १९७५ सालीं नवेगांवचें राष्ट्रीय उद्यान झालें. हीं दोन्ही जंगलें तेव्हां भंडारा जिल्ह्यांतच होतीं. १९९९ पासून तीं गोंदिया जिल्ह्यांत मोडतात. शिकारीचा विषय तेथेंच मिटला, व तो मिटला हें उत्तमच झालें. १९८३ च्या दुरुस्तीनें एका माणसाजवळ तीनच बंदुका असाव्यात असें ठरलें, आणि २०१९ च्या दुरुस्तीनें तिनाच्या दोन झाल्या. ज्यांच्याजवळ तीन होत्या त्यांनीं वर्षाच्या आंत एक जमा करावयाची होती. आमच्या स्नेह्यांजवळ तीन होत्या. पणजोबांची ठासणीची, वडिलांची दुनळी, आणि स्वतः तरुणपणीं घेतलेली एक लहान रायफल. त्यांनीं रायफल जमा केली. कारण विचारतां ते म्हणाले, "ती माझीच होती. बाकीच्या दोन माझ्या नव्हेत."

नातवांनीं कपाटाचा बेत केला तो या पार्श्वभूमीवर. लाकडासाठीं त्यांस दूर जावें लागलें नाहीं. घराची एक पडकी बाजू उतरविली, तिचीं तुळवटें माळ्यावर पडलेलीं होतीं. विदर्भाच्या सागाची कीर्ति नवी नाहीं; आलापल्ली-बल्लारपूरकडील साग अलीकडेच अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठीं गेला, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच. पण जुन्या घराचें लाकूड नव्याहूनही चांगलें, कारण जें वाळावयाचें व वांकावयाचें तें सारें पूर्वींच होऊन गेलेलें असतें. अडचण एकच, आंत लपलेले खिळे. पहिल्याच दिवशीं रंध्याचें पातें एका खिळ्यावर गेलें, आणि सुतारबुवांनीं दोघांही पदवीधरांस अर्धा दिवस धार लावण्यास बसविलें.

सागच कां, यालाही कारण आहे. सागास वाळवी सहजासहजीं लागत नाहीं हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु लोखंडाशीं त्याचें वैर नाहीं, हा त्याचा गुण तितकाच मोठा. विलायतेंतील ओक लाकडांत आम्ल असतें, त्यानें लोखंड गंजतें. जहाजें बांधणाऱ्यांस हें फार पूर्वीं कळलें होतें, आणि मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यानें बांधलेल्या सागवानी जहाजांस इंग्रजांच्या आरमारांत जो मान होता त्याचें हेंही एक कारण. १८१७ सालीं मुंबईस पाण्यांत उतरविलेलें 'ट्रिंकोमाली' हें जहाज आजही इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगत आहे. जें लाकूड लढाऊ जहाजास चाललें तें दोन बंदुकांस चालेल, यांत शंका नको.

बंदुकीचा खरा शत्रु मात्र दमट हवा. भंडाऱ्याकडे पावसाळा जोराचा, त्यांत सभोंवार तळीं व भातखाचरें. नातवांनीं कपाटास आंतून मखमल लावण्याचें ठरविलें होतें. म्हाताऱ्यानें तें मोडून काढलें. कापड ओल धरतें, चामडें तर त्याहून वाईट. नळी ज्या खांचेंत टेकेल तेथें घासून गुळगुळीत केलेलें उघडें लाकूडच असावें, असें त्याचें म्हणणें, आणि तें शास्त्रास धरून आहे. मागच्या फळीस वर व खालीं भोंकें पाडून हवेस वाट ठेवली. कोपऱ्यांचे सांधे कुसवाचे, खिळा एकही नाहीं. शेवटीं लाखेच्या चपड्याचा हात. पूर्वेकडील जंगलांत पळस व कुसुम यांवर लाख होते, तेव्हां तोही परका पदार्थ नव्हे.

भांडण झालें तें दारांवरून. थोरल्या नातवास कांच हवी होती. एवढें लाकूडकाम केलें तें दिसावें, अशी त्याची इच्छा. धाकट्याचें म्हणणें कीं घरांत लहान मुलें आहेत, कांच हें निमंत्रण आहे. आम्ही धाकट्याच्या बाजूचे. काडतुसांसाठीं खालीं स्वतंत्र खण व त्यास स्वतंत्र कुलूप असावें, ही सूचना स्वतः आजोबांची. २०२५ च्या २४ जानेवारीस जवाहरनगरच्या कारखान्यांत स्फोट होऊन आठ माणसें गेलीं. ज्या गांवाजवळ हें घडलें तेथें दारू कोठें ठेवावी हा प्रश्न हंसण्यावारी नेण्याचा राहिलेला नाहीं. दारें अखेर भरीव फळ्यांचीं झालीं.

राहिला खांचांचा प्रश्न. नातवांनीं कायदा पाहून दोनच खांचा आंखल्या होत्या. आजोबांनीं तीन करावयास लावल्या. हा हट्ट म्हणावा कीं काय, हें आम्हांस त्या दिवशीं ठरवितां आलें नाहीं. कारण हिशेब त्यांस आमच्याहून चांगला ठाऊक होता. परवानेदाराच्या मागें बंदूक वारसास आपोआप जात नाहीं. ती ठाण्यांत किंवा परवानेदार व्यापाऱ्याकडे जमा करावी लागते, आणि वारसानें स्वतः परवाना मिळविला तरच ती घरीं येते. दोन्ही नातवांजवळ परवाना नाहीं, व पुण्यांतील बिऱ्हाडांत तो मिळवून करावयाचें तरी काय? म्हणजे नातवांनीं आजोबांस दिलेलें हें कपाट त्यांच्याकडे परत येईल, तेव्हां तें रिकामें येईल. ही गोष्ट त्या घरांत तिघांसही कळत होती आणि तिघांपैकीं कोणी ती बोलत नव्हता.

खंडेनवमीच्या सकाळीं कपाट माजघरांत आणून भिंतीस पक्कें केलें. त्या दिवशीं शस्त्रांची पूजा होते तशी कारागिराच्या हत्यारांचीही होते. म्हणून सुतारबुवांनीं आपला रंधा, पटाशी, वाकस, गुण्या पुसून आणलें होतें. एकाच पाटावर दोन बंदुका आणि तीं हत्यारें मांडलीं, झेंडूचीं फुलें वाहिलीं. नंतर बंदुका आंत गेल्या. तिसऱ्या खांचेंत काय ठेवावयाचें असें धाकट्यानें विचारलें. आजोबांनीं हातांतील काठी त्या खांचेंत उभी करून पाहिली. ती चार बोटें आंखूड पडली. मग ती पुन्हां हातांत घेऊन त्यांनीं दार लावलें, आणि दोन किल्ल्यांपैकीं एक सूनबाईंच्या हातीं दिली.