डेडस्टॉक नंबर ए-५३४

कोणत्याही बँकेत एक डेडस्टॉक रजिस्टर असतं. टेबलं, खुर्च्या, पंखे, लोखंडी कपाटं आणि ज्यातून पाणी कधीच थंड येत नाही असा वॉटर-कूलर, या सगळ्यांची त्यात नोंद असते. प्रत्येकाच्या अंगावर पांढऱ्या रंगाने नंबर घातलेला असतो. दर वर्षी घसारा वजा होत होत शेवटी वस्तूची किंमत एक रुपया उरते. मग साहेबांची सही घेऊन तिला ‘निर्लेखित’ करायचं. संगणक आले, पण हे रजिस्टर जागचं हललं नाही. इतकी वर्षं कारकुनी करून माझं एक मत झालं आहे, की जगातल्या निम्म्या दुःखांचं मूळ एखादी नोंद भलत्याच रजिस्टरात पडण्यात असतं. लष्करातल्या कुत्र्यांचा इतिहास वाचला आणि हे मत पक्कं झालं.

इतिहास हा काही माझा विषय नव्हे. मी पडलो बी.कॉम. पानिपत म्हटलं, की आम्हाला आधी तोट्याचा आकडा दिसायचा! पण हा इतिहास हिशेबाचाच आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिका उतरली तेव्हा तिच्या लष्कराकडे कामाचे कुत्रे जवळजवळ नव्हतेच. मग १९४२ साली ‘डॉग्ज फॉर डिफेन्स’ नावाची संस्था निघाली आणि लोकांना घरचे कुत्रे लष्कराला द्यायचं आवाहन झालं. लोकांनी हजारोंनी दिले. न्यूयॉर्कजवळच्या एका कुटुंबाने ‘चिप्स’ नावाचा आपला कुत्रा दिला. हे चिप्स पुढे सिसिलीत पोचले. जुलै १९४३ मध्ये किनाऱ्यावर एका झोपडीतून मशीनगन चालू झाली, तेव्हा चिप्स हँडलरच्या हातून सुटून सरळ आत घुसला. थोड्या वेळाने आतले सैनिक हात वर करून बाहेर आले. चिप्सला ‘सिल्व्हर स्टार’ आणि ‘पर्पल हार्ट’ ही पदकं मिळाली आणि नंतर ती काढूनही घेतली गेली. माणसांची पदकं कुत्र्याला कशी, अशी तक्रार झाली होती. प्रमोशनची ऑर्डर निघून मागाहून रद्द होणं फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. प्राण्यांच्या शौर्यासाठीचं ब्रिटनचं ‘डिकिन’ पदक त्याला मरणोत्तर मिळालं, तेही २०१८ साली!

पण माझ्यासारख्याला महत्त्वाची वाटते ती पुढची नोंद. युद्ध संपल्यावर लष्कराने मूळ मालकांना विचारून कुत्रे परत केले. तेही तसेच नव्हेत. अंगावर धावून जायची सवय मोडून, माणसांत राहायला पुन्हा शिकवून मग घरी पाठवले. १९४५ च्या अखेरीस चिप्सही घरी आला. कागदोपत्री ती देणगी असेल, पण व्यवहार ठेवीचा झाला. ठेवीदाराचं नाव वहीत होतं आणि मुदत संपताच ठेव परत गेली.

व्हिएतनामच्या वेळेला मात्र लष्कराने कुत्रे स्वतः विकत घेतले. झालं! ठेवीच्या वहीतून नाव उडालं आणि डेडस्टॉकमध्ये चढलं. ‘नेमो’ नावाचा अल्सेशियन हवाई दलात होता, त्याचा नंबर ए-५३४. डिसेंबर १९६६ मध्ये सायगावजवळच्या तान सोन न्हुत विमानतळावर तो आणि त्याचा हँडलर रॉबर्ट थ्रोनबर्ग रात्रीच्या गस्तीवर होते. लपलेल्या शत्रूने गोळ्या झाडल्या. दोघेही जखमी झाले. नेमोच्या तोंडावर गोळी लागली होती. तशातही तो सरपटत आला, थ्रोनबर्गच्या अंगावर आडवा पडला आणि कोणाला जवळ येऊ देईना. आपल्या माणसांनासुद्धा नाही. अखेर जनावरांच्या डॉक्टरने येऊन त्याला बाजूला केलं. नेमोचा एक डोळा गेला, पण थ्रोनबर्ग वाचला. १९६७ मध्ये नेमोला सन्मानाने अमेरिकेत आणलं आणि १९७२ मध्ये तो तिथेच गेला.

नेमो हा अपवाद होता म्हणूनच त्याचं नाव राहिलं. व्हिएतनाममध्ये चार हजारांच्या आसपास कुत्र्यांनी काम केलं आणि परत आले ते सुमारे दोनशे. गंमत बघा, हँडलरची दर वर्षी बदली व्हायची, पण कुत्रा तिथेच राहायचा. नवा जवान यायचा, पुन्हा ओळख, पुन्हा जीव लावणं आणि पुन्हा निरोप. बदलीचा ताप आम्ही बँकवाले जाणतो, पण आम्ही निदान मागे टेबल सोडून जातो. १९७३ मध्ये अमेरिकन सैन्य निघालं तेव्हा उरलेल्या कुत्र्यांपैकी काही दक्षिण व्हिएतनामच्या सैन्याला दिले आणि पुष्कळांना सुई टोचून कायमचं झोपवलं. रोगाचं कारण दिलं गेलं आणि रोगाची साथ खरीच होती. पण मुख्य कारण रजिस्टर. जादा झालेलं सामान परत न्यायला जहाजात जागा कोण देणार?

हे मी घरी सांगितलं तेव्हा आमची ही कणीक मळत होती. ती म्हणाली, “म्हणजे शेजारणीचं पातेलं घासूनपुसून परत करायचं आणि आपलं झिजलं की मोडीत घालायचं, असंच ना?” चार वर्षं कॉमर्स शिकून मला हे इतक्या थोडक्यात मांडता आलं नसतं.

यात हँडलरचं नाव कुठल्याच वहीत नव्हतं. तो मालकही नाही आणि ठेवीदारही नाही. अमेरिकन सैन्यात एक प्रथा आहे: कुत्र्याचा हुद्दा हँडलरपेक्षा एका पायरीने वरचा मानायचा, म्हणजे कुत्र्याला वाईट वागवणं हा वरिष्ठाचा अपमान ठरतो. निरोपाच्या वेळी मात्र त्या वरिष्ठाला एक रुपयाचीही किंमत नसायची. २००० साली कायदा बदलला आणि निवृत्त कुत्रा हँडलरला दत्तक घेता येऊ लागला. ज्या ‘रॉबी’च्या नावाने तो कायदा ओळखला जातो, त्या रॉबीला त्याचा उपयोग झाला नाही. तो तोपर्यंत फार थकला होता. त्याला २००१ च्या जानेवारीत झोपवावं लागलं.

आपण नाक मुरडायचं कारण नाही. निवृत्त कुत्र्यांना झोपवण्याची पद्धत आपल्या सैन्यातही होती आणि २०१५ मध्ये ती उजेडात आल्यावर बराच गदारोळ झाला. आता मेरठला, जिथे हे कुत्रे तयार होतात तिथेच, त्यांना म्हातारपणी सांभाळतात आणि दत्तकही देतात. त्याच २०१५ च्या ऑगस्टमध्ये काश्मीरमध्ये तंगधारला ‘मानसी’ नावाची लॅब्राडोर घुसखोरांचा माग काढत पुढे गेली, मागोमाग तिचा हँडलर बशीर अहमद वार. दोघेही तिथेच पडले. पुढे मानसीचं नाव सैन्याच्या गौरवपत्रात आलं.

माझी सूचना एवढीच आहे. कुत्र्याला सैन्यात घेताना त्याची नोंद ठेवीच्या वहीत करावी आणि ठेवीदार म्हणून हँडलरचं नाव घालावं. घसारा लावू नये. हा जिन्नस जुना होत जातो तशी त्याची किंमत वाढते. आणि मुदत संपली, की व्याजासकट ज्याचा त्याला परत करावा. सहीसाठी साहेबांची वाट बघत बसू नये.