सहा मिनिटांच्या चालीची कुळकथा

सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसांचा श्वास अडवणारा जुनाट आजार, झालेल्या माणसाला चालले की धाप लागते, म्हणून तो बसून राहतो. बसून बसून पाय दुबळे होतात आणि मग चार पावलांतच धाप लागू लागते. हे चक्र तोडणाऱ्या व्यायामोपचाराच्या, म्हणजे पल्मनरी रिहॅबिलिटेशनच्या, सुरुवातीला बहुतेक ठिकाणी एक चाचणी घेतात : सहा मिनिटे चाला. ही चाचणी मुळात आजाऱ्यांसाठी नव्हतीच.

अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांना जवानांचा दमसास मोजायचा होता. १२ मिनिटांत कोण धावून किती अंतर कापतो, एवढेच ते पाहत. १९६८ साली त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. १९७६ मध्ये ब्रिटनमधल्या मॅक्गॅव्हिन आणि सहकाऱ्यांनी धावेच्या जागी चाल आणली आणि जुनाट ब्राँकायटिसच्या रुग्णांना १२ मिनिटे चालवले. पण ज्याचा आजार बळावलेला, त्याला तेवढेही जड जाई. १९८२ साली बटलंड आणि सहकाऱ्यांनी २, ६ आणि १२ मिनिटांच्या चाली ताडून पाहिल्या. जे कळायचे ते ६ मिनिटांतही कळत होते.

आज या चाचणीसाठी ३० मीटरची सरळ वाट लागते, वळायच्या जागी शंकू ठेवतात, बोटाला ऑक्सिमीटर लावतात. दर मिनिटाला धीर द्यायचा, तोही ठरलेल्या शब्दांत, कारण जास्त चढवले तर माणूस जास्त चालतो. रुग्णाने हवे तेव्हा थांबावे, भिंतीला टेकावे, पुन्हा निघावे. घड्याळ चालूच राहते. थांबला म्हणून कुणी नापास करत नाही. मला हा नियम फार माणुसकीचा वाटतो.

धाप लागणाऱ्याने विश्रांतीच घ्यावी, असे एके काळी डॉक्टरही सांगत. व्यायामाने फरक पडतो, हे डॉ. आल्व्हन बराक यांनी १९५२ मध्येच नोंदवले होते. पण फुफ्फुसांची क्षमता मोजणाऱ्या फुंकायच्या चाचणीचे आकडे हलत नसत, म्हणून शंका राहिली. सुधारतात ते मुख्यतः पायांचे स्नायू, आणि मग तेवढ्याच चालीला श्वास कमी लागतो. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात ६५ अभ्यासांची गोळाबेरीज आहे : व्यायामोपचाराने सहा मिनिटांतले अंतर सरासरी ४४ मीटरने वाढले. ३० मीटरची वाढही रुग्णाला जाणवते.

आपल्याकडे हा आजार बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनाच होतो असे नाही. वर्षानुवर्षे चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या बायकांनाही होतो. घरात अशी आई किंवा आजी असेल, तर ‘आता वय झालं, बसून राहा’ म्हणू नका. तिला छातीच्या डॉक्टरांकडे न्या आणि या व्यायामाबद्दल स्वतःहून विचारा.