वेचणीच्या दिवसांतले लेकरू

परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर मानवत रोडच्या अलीकडे पेडगाव लागते. काळ्या मातीच्या या पट्ट्यात निजामाच्या राजवटीपासून कापूस पिकतो, आणि वेचणी बायकांकडेच असते. दसऱ्याच्या सुमारास ती सुरू होते आणि संक्रांतीपर्यंत लांबते.

खुरपणीची मजुरी रोजावर, वेचणीची किलोवर. अंगावर पिणारे लेकरू असलेल्या बाईला हा फरक झोंबतो. खुरपताना ती पाजायला बसली तर फार तर बोलणी खाते. वेचणीत तेवढा कापूसच कमी भरतो आणि संध्याकाळी काट्यावर मजुरी घटते. त्यामुळे सोय धुऱ्यावरच करावी लागे. जुन्या लुगड्याची झोळी बाभळीला नाही तर लिंबाला बांधायची, हेलकावा द्यायला सात-आठ वर्षांची थोरली बसवायची आणि तास संपवून धुऱ्याशी आले की पाजायचे. लेकरू रांगू लागले की झोळी निरुपयोगी. विंचू-काट्याच्या आणि विहिरीच्या धास्तीने ते घरी म्हातारीपाशी राही. म्हातारीही मजुरीला जात असेल तर थोरलीची शाळा बुडे. मुलींच्या गळतीची चर्चा बहुधा लवकर होणाऱ्या लग्नांवर आणि शाळेच्या अंतरावर येऊन थांबते. या कारणाला तिच्यात मिळते त्याहून मोठी जागा हवी.

कायद्याची नजर आधी गेली ती कारखान्यातल्या बाईकडे. मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रिया बाळाला अफूची गोळी देऊन कामावर जात, हे १९२०च्या दशकातल्या सरकारी पाहणीत नोंदले गेले. १९४८च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असतील तिथे पाळणाघर सक्तीचे केले. १९७६मध्ये ही अट तिसांवर आली. कापसाचे शेत मात्र कारखाना ठरत नाही.

१९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या बायका हजारोंनी खडी फोडायला आणि मातीकामाला गेल्या. त्यातून रोजगार हमीला बळ आले. तिचा कायदा १९७७मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला. पुढे २००५च्या केंद्रीय कायद्याने कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले आली, तर ती सांभाळायला एका बाईला मजुरीवर नेमण्याची तरतूद केली. लेकरे सांभाळणे हेही रोजाचे काम आहे, हे इथे हजेरीपटाने मान्य केले. पण ही सोय सरकारी कामापुरती. वेचणी चालते खासगी शेतात.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डीत आणि नंतर कोसबाडला घडवलेल्या बालवाडीचा वारसा अंगणवाडीला लाभला. २ ऑक्टोबर १९७५ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि टप्प्याटप्प्याने गावोगाव पोहोचली. मात्र अंगणवाडीत बसवायचे ते तीन ते सहा वर्षांच्या मुलांना, तेही काही तास. तीन वर्षांखालच्यांना मिळतो तो घरी न्यायचा आहार. म्हणजे झोळीतले लेकरू बाहेरच राहिले.

ही उणीव भरण्यासाठी केंद्राने २००६मध्ये राजीव गांधी पाळणाघर योजना आणली. २०२२पासून ‘पाळणा’ या नावाने अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची रचना आहे. तिच्यात सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतची मुले घेता येतात आणि पाळणाघर दिवसाला साडेसात तास चालते. शेतापर्यंतची पायपीट आणि काट्यापुढचा खोळंबा धरला, तर वेचणीचा दिवस त्याहून मोठा भरतो.